भूमितीचा तास आणि दारापुढचा रॅम्प

शाळेतल्या मुलांनी गणित वापरून खऱ्या गरजूसाठी काहीतरी बांधायचे, ही कल्पना आज नवी वाटते. प्रत्यक्षात ती जुनी आहे. मधल्या काळात ती मोडली गेली आणि तिची पुन्हा जुळवाजुळव करावी लागली.

हातकामाला शाळेत सक्तीची जागा मिळाली ती १८६६ मध्ये फिनलंडमध्ये, तिथले शिक्षणतज्ज्ञ ऊनो सिग्नेयस यांच्या आग्रहामुळे. त्यात गणिताचा हेतू नव्हता. तो आला अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक कॅल्विन वुडवर्ड यांनी विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्राचे लाकडी नमुने करायला सांगितले, तेव्हा त्यांना हत्यारेच चालवता येत नाहीत असे दिसले. १८८० मध्ये उघडलेल्या त्यांच्या शाळेत गणित, रेखाटन आणि कार्यशाळा एकाच वेळापत्रकात होत्या.

ही जोडणी तुटायला १९१७ चा स्मिथ-ह्यूज कायदा मोठे कारण ठरला. अमेरिकेत व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा स्वतंत्र निधी मिळाला. त्यासोबत शिक्षक आणि अभ्यासक्रमही वेगळे पडले. काही मुले प्रमेये सिद्ध करू लागली, उरलेल्यांच्या हाती करवत आली. आमच्या मते या इतिहासातले सर्वांत महागात पडलेले पाऊल हेच. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमने नेमकी उलट दिशा धरली: गणित शिकायचे ते हस्तोद्योगातूनच, सुताचे तार मोजता मोजता.

अमेरिकेत १९९० या एकाच वर्षी तीन कायदे झाले. पर्किन्स कायद्याच्या दुरुस्तीने व्यवसाय शिक्षण आणि शालेय विषय एकत्र आणायला सांगितले, राष्ट्रीय व सामुदायिक सेवा कायद्याने शाळांच्या सेवाप्रकल्पांना निधी दिला, आणि अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे रॅम्पचा प्रश्न ऐरणीवर आला. रॅम्पला १:१२ पेक्षा, म्हणजे १२ सेंटिमीटर लांबीला १ सेंटिमीटर उंचीपेक्षा, जास्त चढ नको, हे प्रमाण मात्र १९६१ च्या अमेरिकी मानकापासूनचे. खासगी घराला ते बंधनकारक नसले तरी बांधताना हेच धरावे.

शालेय प्रकल्पाला रॅम्पइतके योग्य काम क्वचितच सापडते, कारण सोपे वाटणारे गणित जागेवर चुकते. उंबरठा ४५ सेंटिमीटर उंच, म्हणून लांबी ५४० सेंटिमीटर, असे मुले लगेच सांगतात. पण घरापुढची जमीन दर मीटरला २ सेंटिमीटर खाली जात असेल, तर ५४० वर ती आणखी १०.८ सेंटिमीटर खाली गेलेली असते. टोक तसेच जमिनीला टेकवले की चढ जवळपास १:९.७ होतो; व्हीलचेअर स्वतः ढकलणाऱ्याला तो जड जातो. इथे रॅम्पची लांबी ल धरून ल ÷ १२ = ४५ + ०.०२ल हे समीकरण मांडावे लागते. उत्तर येते सुमारे ७१० सेंटिमीटर. म्हणून उंची दाराशी नव्हे, रॅम्प संपेल तिथून, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी जुळवून मोजायची. एकूण चढ ७६ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर मध्ये किमान १५२ सेंटिमीटर लांबीचा सपाट टप्पा हवा.

लाकडाची आयताकृती चौकट करतानाही अशीच फसगत होते. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकट काटकोनात बसली, असे समजतात. पण समद्विभुज समलंबाचे, म्हणजे तिरप्या बाजू सारख्या असलेल्या समलंब चौकोनाचे, कर्णही सारखेच असतात. समोरासमोरच्या बाजूही जुळल्या पाहिजेत. २.४ बाय ३ मीटरच्या चौकटीचा कर्ण ३.८४ मीटर यायला हवा. शिवाय करवतीचे पाते दर कापाला सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खाते, त्यामुळे २४० सेंटिमीटरच्या फळीतून ६० चे चार तुकडे निघत नाहीत. शेवटचा जवळजवळ सेंटिमीटरभर तोकडा पडतो.

कोलोरॅडोतल्या लव्हलंड हायस्कूलने २००० नंतरच्या दशकात भूमिती आणि बांधकाम हे दोन्ही विषय एकाच वर्गात आणले आणि मुलांकडून खरी घरे बांधून घेतली. अशा वर्गात धड्यांचा क्रम इमारत ठरवते. पायाची आखणी पहिल्याच आठवड्यात येते, म्हणून पायथागोरसचे प्रमेय तेव्हाच लागते. समरूप त्रिकोण आणि त्रिकोणमिती छताच्या कैच्यांपर्यंत, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांपर्यंत, थांबू शकतात. पुस्तकाचाच क्रम धरून बसले, तर पाया आखला जातो तेव्हा मुलांकडे लागणारे गणित नसते आणि ती आकडे नुसते उतरवून घेतात.