त्वचेचे लेझर व प्रकाशोपचार (खानदेश)

लेझर, तीव्र स्पंदित प्रकाश (आयपीएल) किंवा जंबुपार (अतिनील) किरण वापरून कोड, सोरायसिस, काळे डाग, नको असलेले केस व गोंदण यांवर करावयाचे वैद्यकीय उपचार. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्यांची सुरक्षितता मुख्यतः सावळी त्वचा आणि कडक ऊन यांवर ठरते.

प्रकाशाने त्वचारोग बरा करण्याचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. अथर्ववेदातील (१.२३-२४) पांढऱ्या डागांवरील सूक्तांत आलेली वनस्पती बावची असावी, असे काही अभ्यासक मानतात, परंतु तेथे तिला रात्री उगवलेली म्हटले असून ऊन घेण्याचा विधी नाही. चरकसंहितेत (चिकित्सास्थान, ७) मात्र श्वित्रावर (पांढऱ्या कोडावर) मलपूचा रस गुळासह पिऊन शक्तीनुसार ऊन घ्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. मलपू म्हणजे बहुधा काळा उंबर. त्यात बावचीप्रमाणे त्वचा प्रकाशसंवेदी करणारी सोरॅलेन द्रव्ये असल्याने हा आधार अधिक ग्राह्य वाटतो. आधुनिक प्रकाशोपचार नील्स फिन्सेन (नोबेल, १९०३) यांच्यापासून मानतात. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये चालवला.

बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा घरगुती प्रयोग टाळावा. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. किरणांची मात्रा हाती राहत नाही आणि भाजून फोड येतात. दवाखान्यातील ३११ नॅनोमीटरच्या जंबुपार उपचारात मात्रा मोजून वाढवता येते व सोरॅलेन लागत नाही. फिकट चट्ट्यावर तो सुरू करण्यापूर्वी संवेदना तपासून कुष्ठरोग नाही याची खात्री करणे अत्यावश्यक आहे.

त्वचातज्ज्ञ अँडरसन व पॅरिश यांच्या १९८३ मधील मांडणीनुसार योग्य तरंगलांबी व लक्ष्याच्या आकारानुसार पुरेसा अल्प स्पंद (प्रकाशाचा झोत) निवडल्यास केसाचे मूळ किंवा रंगकण असे ठरावीक लक्ष्यच तापते. सावळ्या त्वचेत मात्र वरच्या थरातील मेलॅनिन हे रंगद्रव्यच किरण शोषते. त्यामुळे भाजणे व काळे डाग पडणे संभवते. तरंगलांबी वाढते तसे हे शोषण घटते. म्हणून केस काढण्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा दीर्घस्पंद (तुलनेने लांब झोताचा) एनडी-याग लेझर, त्वचा गार ठेवणे आणि आधी लहान जागी चाचणी हा मार्ग आयपीएलपेक्षा सुरक्षित ठरतो. केळी-कापसाच्या शेतात राबणाऱ्याला ‘ऊन टाळा’ एवढेच सांगून भागत नाही. त्वचा उन्हाने काळवंडलेली असताना उपचार पुढे ढकलावा.

गोंदणातील काजळीचा कार्बन क्यू-स्विच्ड (अत्यल्प स्पंदाच्या) एनडी-याग लेझरने, काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठकांत फिकट होतो. केस काढण्याच्या यंत्राने गोंदण काढू नये, कायमचे व्रण राहतात. कपाळावरील गोंदणासाठी रुग्णाच्या डोळ्यांवर अपारदर्शक धातूची ढाल हवी. चालकाचा चष्मा त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला असावा. निदान न झालेल्या तिळावर लेझर मारू नये, कर्करोग झाकला जाऊ शकतो.

आयसोट्रेटिनॉइन (मुरमांवरील औषध) घेणाऱ्यांनी ६ महिने थांबावे, असा जुना संकेत आहे. अलीकडील मते त्वचा न सोलणाऱ्या लेझरपुरता तो शिथिल करतात. सोलणाऱ्या लेझरसाठी थांबणेच इष्ट.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव भागातील रुग्णांना आठवड्यातून २-३ दिवसांचा जंबुपार उपचार अंतरामुळे अवघड जातो.