पार्श्वभूमी : हेडसेटचे अंश मोजणारे एचएमडीक्यू

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटच्या जाहिरातीत ११०, १३०, २०० अंश असे आकडे झळकतात. हेडसेटमधून दिसणारे दृश्य किती अंशांत पसरले आहे, हे ते सांगतात. ते पडताळता यावेत म्हणून २०१९ च्या सुमारास एचएमडीक्यू हे छोटे, मोफत सॉफ्टवेअर पुढे आले. त्याला ना चित्रे, ना बटणे. कमांड लाइनवर चालवायचे, ते हेडसेटच्या रनटाइमला, म्हणजे संगणकावर हेडसेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, प्रश्न विचारते आणि उत्तरे जेसन (JSON) या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवते. अशा फाइली शेजारी शेजारी ठेवल्या की तुलना झाली.

तुलनेची खरी निकड २०१६ मध्ये भासली. त्या वर्षी ऑक्युलसचा रिफ्ट आणि एचटीसीचा व्हाइव्ह हे हेडसेट लागोपाठ बाजारात आले. दोन्हींत प्रत्येक डोळ्याला १०८० × १२०० पिक्सेल आणि ९० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे. कागदावर जुळी भावंडे, पण डोळ्याला लावले की व्हाइव्हमध्ये दृश्य रुंद आणि रिफ्टमध्ये अधिक रेखीव. फरक पडद्याच्या पॅनलचा नसून लेन्सचा आणि तेच पिक्सेल किती अंशांत पसरले आहेत याचा होता. मग पुढे अंशांचीच चढाओढ लागली. २०१७ मध्ये पायमॅक्स या कंपनीने २०० अंशांचा दावा केला, २०१९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या इंडेक्स हेडसेटच्या संदर्भात १३० हा आकडा आला.

वाद आहे तो इथे. अंश नेमके कुठले? दृश्य ९० अंश रुंद आणि ९० अंश उंच असेल, तर त्याचा कर्ण सुमारे ११० अंश भरतो. कर्णाचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो छापायचा आणि आडवा आकडा गाळायचा, ही प्रथा ग्राहकाची सरळ दिशाभूल करणारी आहे.

एचएमडीक्यू रनटाइमकडून प्रत्येक डोळ्याच्या चारही कडांचे टॅन्जंट, म्हणजे कडेचा कोन ज्यावरून काढता येतो ते गुणोत्तर, घेते. समजा, बाहेरच्या कडेचा टॅन्जंट १.१९ आहे, म्हणजे ५० अंश, आणि नाकाकडच्या कडेचा ०.८४, म्हणजे ४० अंश. एका डोळ्याचे झाले ९०. दोन्ही डोळ्यांचे मिळून १००, आणि दोघांना एकत्र दिसणारा मधला भाग ८०. आता दोन्ही लेन्स ५-५ अंश बाहेर वळवा, इंडेक्समध्ये त्या तशाच वळवलेल्या आहेत. एकूण रुंदी ११० होते, पण मधला सामाईक भाग ७० वर येतो. जवळच्या वस्तूंची खोली मुख्यतः याच भागात जाणवते, पण जाहिरात त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. हे दोन आकडे वेगवेगळे दाखवणे, ही या साधनाची सर्वांत मोलाची कामगिरी म्हटली पाहिजे.

त्यावर आक्षेपही आहे, आणि तो रास्त आहे. रनटाइम सांगतो ते चित्र किती अंशांचे रंगवले जाते ते. डोळ्याला प्रत्यक्ष किती दिसते, हे डोळा लेन्सपासून किती दूर आहे यावर ठरते. चष्मा असेल किंवा चेहऱ्याकडची गादी जाड असेल, तर कडा दिसतच नाहीत. त्यामुळे काहींनी आभासी खोलीत खुणा मांडून, हेडसेट डोक्यावर चढवूनच मोजणी करण्याचा आग्रह धरला. पण ती मोजणी चेहऱ्यागणिक बदलते आणि एकाच हेडसेटचे दहा आकडे फिरू लागतात. रनटाइमचा आकडा ही कमाल मर्यादा असली, तरी तीच रचना आणि तेच सॉफ्टवेअर असेल तर तो कुणाच्याही संगणकावर तोच येतो. तुलनेसाठी पाया म्हणून तोच बरा. कडेचा न दिसणारा भाग रंगवू नये म्हणून रनटाइम तो झाकणारा एक मुखवटाही देतो. तो हिशेबात धरला की आकडा वास्तवाच्या आणखी जवळ येतो.

अलीकडे घोळ वाढला आहे. मेटाच्या क्वेस्टसारखे हेडसेट पीसीला जोडले की रनटाइममधली एक सेटिंग हा टॅन्जंटच कमी करू देते. ग्राफिक्स कार्डावरचा ताण हलका होतो आणि एचएमडीक्यूच्या फाइलीत अंश घसरतात, लेन्स मात्र होती तीच. म्हणून नोंदीत हेडसेटच्या नावाइतकीच रनटाइमची आवृत्ती आणि सेटिंगही लागते. पीसीविना चालणाऱ्या हेडसेटच्या बाबतीत या साधनाचा हात पोचत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटच्या अधिकृत तपशिलात २ कोटी ३० लाख पिक्सेलचा उल्लेख ठळक होता, अंशांचा आकडा मात्र दिलेला नव्हता.