पार्श्वभूमी : ‘मोबिलिटी’ म्हणजे ऊठबस

पुण्यात ‘मोबिलिटी’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. महापालिकेत तो मेट्रो, उड्डाणपूल आणि वाहतूक आराखड्यासाठी असतो, तर तळजाई किंवा वेताळ टेकडीवरच्या सकाळच्या गटांत घोटा, खुबा आणि खांद्यासाठी. हा दुसरा अर्थ गेल्या दहा-बारा वर्षांत रुळला. मराठीत त्याला अजून पक्का प्रतिशब्द नाही, आणि या घोळाची किंमत लोकांचे सांधे मोजतात असे मला वाटते.

जुना भाग सर्वांना माहीत आहे. पेठांतल्या तालमी, जोर-बैठका आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात नव्याने उभा राहिलेला मल्लखांब. १९२० च्या दशकात औंध संस्थानच्या राजांनी सूर्यनमस्कारांचा जोरदार प्रसार केला. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार हे तरुण योगशिक्षक पुण्यात आले. पुढे त्यांनी दोर, पट्टे आणि लाकडी ठोकळ्यांचा आधार देऊन आखडलेल्या अंगालाही आसने करता येतील अशी पद्धत घडवली.

हा झाला व्यायामाचा इतिहास. रोजच्या हालचालीचा इतिहास मात्र घरात घडला. वाड्यातल्या बाईचा दिवस जाते, पाटा-वरवंटा, उकिडवे बसून केर काढणे आणि पाटावरची पंगत यांत जायचा. त्या कष्टांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, पण खुबा आणि घोटा दिवसातून कितीतरी वेळा पूर्ण वळायचा. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे अनेक वाडे गेले. पुढच्या दशकांत फ्लॅट आले, उभा ओटा आला, जेवणाचे टेबल आणि कमोड आले. सायकलची जागा स्कूटरने घेतली. नव्वदच्या दशकानंतर हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली खुर्ची आली. व्यायाम करणारे वाढले, पण जमिनीवर बसणारे घटले.

आता त्या शब्दाकडे. मोबिलिटीसाठी ‘लवचीकता’ वापरतात, पण दोन्ही एक नाहीत. पाठीवर झोपा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी ओढून घ्या आणि हात सोडा. पाय थोडा खाली येतो. हातांनी जिथवर आणला होता ती लवचीकता. स्वतःच्या जोरावर जिथे टिकला ती मोबिलिटी. मधले अंतर म्हणजे जिथवर सांधा जातो, पण तुमचा ताबा पोहोचत नाही. पाय घसरला की माणूस नेमका तिथेच सापडतो. नुसता ताण देत राहिल्याने हे अंतर मिटतेच असे नाही. काही आठवडे ताण दिल्यावर पाय वर जातो, त्याचे मुख्य कारण स्नायू लांबला हे नसते. ताण सोसण्याची सवय वाढलेली असते.

‘गतिशीलता’ म्हणावे तर वेगाचा भास होतो. ‘चलनक्षमता’ पुस्तकी आहे आणि ‘चलन’ म्हटले की नोटा आठवतात. लोक मात्र ‘अंग वळत नाही’, ‘खांदा धरला’, ‘कंबर आखडली’ असे अचूक बोलतात. मला ‘ऊठबस’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. त्यात वाकणे, तोल, ताकद आणि उठताना स्वतःला सावरणे सगळे येते.

ऊठबसच शहरात वादाची ठरली. गुडघा दुखतो म्हटल्यावर ‘खाली बसू नका’ हा सल्ला सर्रास मिळतो. सांधा फार झिजला असेल किंवा बदललेला असेल, तर तो योग्यच; खोल वाकताना गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. पण थोडे दुखणाऱ्यालाही तोच नियम कायमचा लागू झाला आणि परत बसायला कोणी सांगितलेच नाही. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातला द्रव तिच्यात खेळता राहतो. म्हणून वेगवेगळ्या कोनांतली हालचाल लागते; रोज त्याच सपाट रस्त्यावर चालणे चांगले, पण पुरेसे नाही.

२०१२ मध्ये ब्राझीलच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५; हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा. कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. अशक्त माणसाला उठणे जड जाणारच, त्यामुळे यातून कारण सिद्ध होत नाही. तरी जमिनीकडे पुन्हा लक्ष गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ‘व्यायाम किमान दहा मिनिटे सलग हवा’ ही जुनी अट गेली, आणि ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद दोन्ही लागणाऱ्या विविध हालचाली सुचवल्या गेल्या.

आमच्या सोसायटीत गेल्या श्रावणातल्या सत्यनारायणाला पाटावर यजमान दोघेच होते, बाकी सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पूजा संपल्यावर यजमानीणबाई उठल्या त्या एक हात गुडघ्यावर आणि दुसरा चौरंगावर रेटून; कलश हलला. वय ५२. त्या रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात. आता पर्वतीहून परतल्यावर त्या सतरंजी टाकून दहा मिनिटे खाली बसतात : मांडी, वज्रासन, उकिडवे, मग एका कुशीवर रेलून. दर दोन मिनिटांनी बैठक बदलतात आणि उठताना जवळ स्टूल ठेवतात. गेल्या आठवड्यात स्टूल हातभर लांब सरकवले होते.