उडत्या चार्जरचं नाक खाली का जातं?

11 नोव्हेंबर 1978 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात, 1969 सालची एक नारिंगी डॉज चार्जर मोटार रॅम्पवरून सुटली, पोलिसांच्या गाडीवरून सुमारे 25 मीटर उडाली आणि आपटून कामातून गेली. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या अमेरिकन टीव्ही मालिकेची ती पहिली उडी. 1985 पर्यंत मालिकेनं अशा सुमारे 300 चार्जर संपवल्या. तेव्हा कुणाला हळहळ वाटली नाही. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणाऱ्या या दांडग्या व्ही-8 (आठ सिलिंडरांच्या इंजिनाच्या) गाड्या सेकंडहँड बाजारात पडेल भावाने मिळत होत्या.

पडद्यावर या गाड्या डौलात उडतात, पण नीट पाहिलं तर हवेत नाक खाली झुकत जातं. ‘पुढे जड इंजिन आहे, म्हणून’ हे उत्तर अर्धवट आहे. जड आणि हलकं सारख्याच वेगानं पडतं, हे गॅलिलिओपासून ठाऊक आहे. एकदा हवेत गेल्यावर नुसतं इंजिनाचं वजन गाडीला फिरवू शकत नाही. खरी गोम रॅम्पच्या कडेवर आहे. पुढची चाकं सुटतात तेव्हा मागची अजून रॅम्पवर असतात. त्या निमिषभरात पुढचा आधार गेलेला असतो आणि मागून रॅम्प वर ढकलत असतो, म्हणून गाडी नाक खाली घालत फिरू लागते. टेबलाच्या कडेवरून पुस्तक सावकाश ढकललं की ते कलंडत पडतं, तसंच. हवेत ही फिरकी थांबवणारं काही नसतं, त्यामुळे ती चालूच राहते. इंजिनाचं वजन इथे नडतं: गुरुत्वमध्य पुढे असल्यानं मागून येणारा हा धक्का त्याच्यापासून दूर लागतो. त्यावर उपाय म्हणून स्टंटवाले डिकीत वाळूच्या गोण्या किंवा काँक्रीट भरत. नाक सावरलं, पण आपटताना तेच वजन मागचा भाग खाली खेचू लागलं.

आता आपटण्याचा हिशेब. त्या उडीची उंची सुमारे 5 मीटर सांगतात. तेवढ्यावरून पडणाऱ्या वस्तूचा खाली येण्याचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास होतो. फार नाही वाटत! पण टायर, स्प्रिंग आणि चेपणारा पत्रा मिळून तो वेग पाव मीटरात जिरवायचा म्हटलं, तर गाडीला स्वतःच्या वजनाच्या वीसेक पट बल सोसावं लागतं. पुढचे टॉर्शन बार (पिळवटून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आणि मागचे पाटे यासाठी बनलेलेच नव्हते.

त्यात चार्जरला वेगळी चासी नव्हती. फ्लोअर, छप्पर, खांब यांचे पत्रे स्पॉट वेल्डनं (ठिकठिकाणी ठिपक्यांसारखे वितळवून) जोडून तयार झालेली पेटी हाच तिचा सांगाडा. तो एकदा मधोमध दुमडला की डेंटिंग करून सरळ दिसेल, पण चाकं पुन्हा एका रेषेत येणं कठीण.

आणि म्हणूनच अशा गाड्यांना नुसतं उघड्यावर टाकून देणंही जवळजवळ तितकंच महागात पडतं. पहिल्या उडीची ती गाडी दोन दशकांहून जास्त काळ जॉर्जियातल्या भंगारात पडून होती. काचेखालच्या जाळीत पानं साचतात, पाण्याची वाट तुंबते आणि ते आत फ्लोअरवर उतरतं. दोन पत्र्यांच्या जोडात ओल राहते, तिथे रंग पोचलेलाच नसतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे तो जोड आतून फाकवतो. शिवाय तो सच्छिद्र असतो, म्हणजे खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो. उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हे सगळं आणखी वेगानं घडतं. खाऱ्या वाऱ्याचं अलिबाग-मालवणच्या गाडीवाल्यांना वेगळं सांगायला नको. वेगळी चासी असलेल्या शेवरोले शेव्हेलची बॉडी सडली तरी खालचा सांगाडा अनेकदा तगतो. चार्जरचं फ्लोअर गेलं की पाठीचा कणाच गेला.

पारखी गिऱ्हाईक म्हणूनच बॉनेट उघडण्याआधी डिकीतलं मॅट उचलतं आणि मागच्या मडगार्डवर चुंबक फिरवतं. चुंबक चिकटला नाही, तर रंगाखाली पत्रा नाही, पुटी आहे.