आमच्या ऑफिसातून दर महिन्याला "पोटगी आली का" असा फोन का येतो

नमस्कार. मुलांच्या पोटगीची केस आमच्याकडे दिलीय अशा सगळ्यांसाठी हे पत्रक आहे, बहुतेक आयाच आहेत, दोन-तीन ठिकाणी आजी आहे. मागच्या काही महिन्यांत बऱ्याच जणींनी विचारलं की वकीलसाहेबांशी बोलायचं असतं तेव्हा ती नवीन मुलगीच फोन का उचलते, आणि दहा तारीख उलटली की तीच परत फोन करून "ताई, या महिन्याचे आले का, किती आले, कशातून आले" असं का विचारत बसते. प्रश्न बरोबर आहे, आम्हीच कधी नीट सांगितलं नाही. तर सांगतो.

ऑर्डर झाली की घरच्यांना वाटतं सुटलो. पण आपल्याकडे पोटगी वसूल करून हातात देणारं वेगळं सरकारी खातं नाहीये, आणि कोर्टही आपणहून कुणाचं पासबुक बघायला जात नाही. पैसे थकले की ज्याला यायचेत त्यानेच अर्ज करायचा, कागद लावायचे, वॉरंट काढून घ्यायचं आणि ते बजावलं जातंय का बघायचं. हे सगळं रोजचं काम आमच्या ऑफिसात नवीन लागलेली मुलं-मुली, म्हणजे आमचे ज्युनियर, करतात, कुणी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी नुकती सनद घेतलीय. काम छोटं दिसतं पण तुमच्या मुलांचे पैसे येणार की बुडणार हे बऱ्याचदा याच टेबलावर ठरतं, हे आम्ही अगदी मनापासून सांगतोय.

पहिली गोष्ट हिशोबाचा तक्ता. प्रत्येक फाईलला आतून एक पान लावलेलं असतं, महिना, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, आलेली तारीख, कशातून आली, बाकी. उदाहरण देतो म्हणजे कळेल, समजा दोन मुलांचे मिळून दरमहा ८,००० ठरलेत, जानेवारीत पूर्ण आले, फेब्रुवारीत ३,००० गूगल पेवर आले, मार्चमध्ये काहीच नाही, एप्रिलमध्ये त्यांनी शाळेच्या गेटवर मुलाच्या हातात २,००० रोख दिले. चार महिन्यांचे झाले ३२,०००, आले १३,०००, बाकी १९,०००. आता ते रोख दिलेले २,००० तुम्ही आम्हाला सांगितलेच नाहीत आणि आम्ही अर्जात २१,००० लिहिले, की समोरचा वकील उभा राहून म्हणणार की बाई खोटं बोलतायत, आणि मग मूळ १९,००० वरचा तुमचा शब्दही हलका होतो. म्हणून ज्युनियर खोदून खोदून विचारते. आलेले पैसे लपवायचे नाहीत, ५०० आले तरी सांगायचे. मुलांना कपडे घेतले, सायकल घेतली, वाढदिवस केला, हे पोटगीत धरायचं की नाही हा वाद कोर्टासमोर येतोच, तो आधी माहीत असला की उत्तर तयार ठेवता येतं. आणि शक्य असेल तर पैसे खात्यातच घ्या, बँकेच्या स्टेटमेंटसारखा दुसरा साक्षीदार नाही.

दुसरी गोष्ट मुदत, आणि हिच्यासाठीच खरं तर हे पत्रक काढलंय. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पोटगीचं जुनं कलम १२५ आता कलम १४४ झालंय, नंबर बदलला पण गाभा तोच. त्यात लिहिलंय की थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट हवं असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. म्हणजे काय होतं बघा, एक ताई आमच्याकडे आल्या तेव्हा १४ महिने एक रुपया आलेला नव्हता, सासरची मोठी माणसं म्हणत होती थांब, देईल, देईल, आणि त्या थांबल्या. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे वॉरंटच्या रस्त्याने मिळायचे राहून गेले. मुलीची शाळेची फी होती ती. तेव्हापासून आम्ही नियम केलाय की सलग तीन महिने थकले की ज्युनियरने वसुली अर्जाचा मसुदा करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, तुमची परवानगी घेऊन तो दाखल होतो. परवानगी द्यायला उशीर करू नका. (हिंदू विवाह कायदा किंवा १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याखाली दिवाणी हुकूमनामा (दिवाणी कोर्टाचा निकाल) असेल तर दरखास्त, म्हणजे त्याच्या वसुलीचा अर्ज, करायला १२ वर्षांची मुदत असते, पण म्हणून १२ वर्षं बसायचं नाही, माणूस नोकरी बदलतो, गाव बदलतो, हाताला लागत नाही.)

वसुली अर्ज दाखल झाल्यावर नोटीस, मग वॉरंट. दंड वसूल करतात तशी मालमत्तेतून वसुली होऊ शकते, आणि वॉरंट बजावूनही पैसे आले नाहीत तर कोर्ट एक महिन्यापर्यंत कैद सांगू शकतं, आधी भरले तर आधी सुटका. इथे एक मोठा गैरसमज आहे, "आत जाऊन आला, आता फिटलं". फिटत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच कुलदीप कौर यांच्या केसमध्ये सांगितलंय की तुरुंग हा पैसे काढण्याचा मार्ग आहे, पैसे फेडल्याची पावती नाही. बाकी तशीच राहते, तक्त्यात आम्ही ती खोडत नाही.

पण वॉरंट निघालं आणि पत्ता चुकीचा असला तर सगळं जागच्या जागी. या कामात सगळ्यात जास्त वेळ पत्त्यातच जातो, बाहेरच्या माणसाला पटणार नाही इतका. "मु. पो. अमुक, ता. तमुक" एवढ्यावर हवालदार कुणाला शोधणार? आमच्याकडूनच एकदा सोसायटीचं विंगचं अक्षर राहिलं होतं, समन्स "सदर इसम मिळून आला नाही" असा शेरा मारून परत आलं आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी पडली, त्या ताईंची आम्ही माफी मागितली पण दोन महिने काही परत आले नाहीत. आता ज्युनियर तुम्हाला विचारेल, घराजवळ काय आहे, देऊळ, पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, कुठलं पोलीस स्टेशन लागतं, माणूस घरी किती वाजता असतो, गाडीचा नंबर, कामाचं ठिकाण. हे सगळं सांगा. वॉरंट पोलीस स्टेशनला पोचलं का, आवक नंबर पडला का, समन्स-वॉरंट बघणाऱ्या हवालदाराकडे गेलं का, हे विचारायला आमची मुलं स्वतः जातात, फोनवर काही होत नाही.

पगारदार माणूस असेल तर गोष्ट जरा सोपी. दिवाणी हुकूमनाम्यात पगार जप्त होतो, आणि साध्या कर्जासाठी असते त्यापेक्षा पोटगीसाठी जास्त सक्त तरतूद आहे, पगाराचा एक तृतीयांश भाग त्याला ठेवून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात तर कोर्ट थेट मालकाला, कंपनीला सांगू शकतं की याच्या पगारातून एवढे कापून तिला द्या. त्यासाठी आम्हाला ऑफिसचं नाव आणि पत्ता, पगार काढणारा अधिकारी कोण, जुनी सॅलरी स्लिप असेल तर ती, असं लागतं. शेती किंवा धंदा असेल तर सातबारा, दुकानाचा फोटो, जीएसटी नंबर असलेलं एखादं बिल, काहीही चालेल, आणा.

उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, म्हणजे तुम्हालाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सुप्रीम कोर्टाने त्याचा नमुनाच ठरवून दिला, आणि पोटगी अर्ज केलेल्या तारखेपासून द्यायची हेही त्यातच स्पष्ट केलं. तो फॉर्म लांबलचक आहे, ज्युनियर तुमच्यासोबत बसून भरून घेईल, दोन तास लागतात, मुलांना शेजारी ठेवून आलात तर बरं. तुम्ही शिवणकाम करून महिन्याला ४,००० कमावता तर ते लिहायचं. त्याने मुलांचा हक्क जात नाही, लपवलं तर मात्र केस दुखते.

तारखा. प्रत्येक केसला १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो, महाराष्ट्रातला एमएच ने सुरू होतो, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि काय झालं ते दिसतं. फाईलच्या कव्हरवर आम्ही तो लाल पेनने लिहून देतो. फॅमिली कोर्टात वकील हा हक्क म्हणून उभा राहत नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि पक्षकार स्वतः हजर असणं तिथे फार महत्त्वाचं धरतात, म्हणून आदल्या दिवशी फोन येतो तो उचला. अंतरिम अर्ज, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, पण आपल्या बाजूने एकही तारीख चुकली नाही तर आपण जज्जसाहेबांना हे ठामपणे सांगू शकतो.

ज्युनियर काय करणार नाही ते पण सांगतो. ती तुमच्या नवऱ्याला फोन करून धमकावणार नाही, तडजोडीची रक्कम ठरवणार नाही, त्याच्याकडून रोख घेऊन तुम्हाला आणून देणार नाही, आणि केस जिंकणार का याचं उत्तर देणार नाही, ते साहेबांना विचारा. तुमची माहिती ऑफिसबाहेर जाणार नाही, तुमच्या भावाने किंवा आईने फोन केला तरी तुमच्या होकाराशिवाय ती काही सांगणार नाही, राग मानू नका.

एक नाजूक विषय. पैसे थकले म्हणून मुलांची ठरलेली भेट बंद करू नका. भेटीचा हुकूम वेगळा, पोटगीचा वेगळा, आणि भेट अडवली की समोरच्याला तक्रार करायला आयता मुद्दा मिळतो. त्याहून मुख्य म्हणजे शनिवारी बाबा येणार म्हणून केस विंचरून बसलेलं पोर यात अडकतं, हे आम्ही कोर्टाच्या आवारात बघितलंय.

मुलांच्या जन्मतारखा आम्ही तक्त्याच्या वरच लिहितो, कारण १४४ खाली साधारण १८ वर्षांपर्यंतच मिळतं, पण अविवाहित हिंदू मुलीला नंतरही १९५६ च्या कायद्याखाली वडिलांकडे मागता येतं, तो अर्ज वेगळा करावा लागतो. मूल पाचवीतून आठवीत गेलं, क्लास लागला, खर्च वाढला तर वाढीचा अर्जही होतो, फीच्या पावत्या जपून ठेवा.

महाराष्ट्रात बायकांना पोटगीच्या केसमध्ये कोर्ट फी माफ आहे. आणि आमची फी झेपत नसेल तर संकोच न करता सांगा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००, आमची ज्युनियर तो फॉर्म पण भरून देईल, फाईलची पूर्ण कॉपी आणि हिशोबाचा तक्ता सोबत देऊ.

पुढच्या वेळी येताना ऑर्डरची नक्कल, मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, मुलांचे जन्मदाखले आणि आधार घेऊन या, आणि मोबाईल नंबर बदलला असेल तर आजच कळवा.