पाण्याच्या थेंबावर जळणारा सायकलचा दिवा

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या मराठी घरांत माळा आवरताना कधीकधी पितळेचा एक जड दिवा हाती लागतो. समोर भिंग, दोन्ही अंगांना लाल-हिरव्या काचेचे खडे, माथ्यावर छोटी चावी आणि खाली आट्यांनी बसणारी डबी. शेजारच्या आजोबांकडे असाच एक आहे. "अरे, याला वात नसते. हा कार्बाइडचा," ते म्हणाले आणि त्यांनी डबी उघडून दाखवली. आत पांढरा चुना घट्ट बसलेला होता.

त्याआधीचे दिवे तेलाचे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी 1880 च्या सुमारास 'किंग ऑफ द रोड' हा दिवा काढला. पुढचे चाक प्रचंड असलेल्या त्या काळच्या सायकलीत तो चाकाच्या आत, आसाला टांगत. उजेड मात्र बेताचाच, आणि खड्ड्यात चाक आदळले की ज्योत विझायची भीती.

खरी झेप 1892 मध्ये पडली, तीही भलत्याच प्रयोगातून. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात थॉमस विल्सन अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात मिळवण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवले. हाती आला कॅल्शियम कार्बाइड, आंबे पिकवायला आजही बेकायदा वापरतात तोच. पाणी पडताच त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि मागे विरलेला चुना उरतो. चांगल्या प्रतीच्या 100 ग्रॅम कार्बाइडपासून सुमारे 30 लिटर वायू मिळतो. काही वर्षांतच केनोशा गावच्या बॅजर ब्रास कंपनीचा 'सोलर', लुकासचा 'अ‍ॅसिटिलेटर' आणि पॉवेल अँड हॅनमरचे दिवे बाजारात आले.

मला या दिव्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती त्याचा बर्नर. अ‍ॅसिटिलीनच्या वजनात 92 टक्के कार्बन असतो. ज्योतीत कार्बनचे बारीक कण तापून पांढरे लखलखतात, म्हणून उजेड तेलापेक्षा कितीतरी प्रखर. पण हाच कार्बन काजळी होऊन भोक बुजवतो. त्यावर उपाय असा की शंखजिऱ्याच्या बर्नरला दोन भोके समोरासमोर तिरकी पाडायची. दोन झोत हवेत एकमेकांवर आदळतात आणि पंख्यासारखी चपटी ज्योत बर्नरपासून जरा दूर उभी राहते.

माथ्यावरची चावी वरच्या टाकीतून खालच्या डबीतल्या कार्बाइडवर पडणाऱ्या पाण्याच्या थेंबांचा वेग ठरवी. ती बंद केली तरी ओला कार्बाइड काही वेळ वायू सोडतच राही, त्यामुळे सराईत स्वार घर येण्याआधीच पाणी तोडत. डबी रोज धुवावी लागे. वायूतल्या फॉस्फिनच्या अंशामुळे लसणासारखा वास येई, तो वेगळाच.

मग 1923 मध्ये बॉशचा सायकल डायनॅमो आला. चुना नाही, वास नाही. पायडल मारले की उजेड. सायकल थांबली की तो विझे, तरी लोकांनी तोच पसंत केला.

घरात असा दिवा सापडला तर माथ्यावरचा ठसा भिंगाखाली बघा, बनवणाऱ्याचे नाव बहुधा तिथेच असते. निकेलचा मुलामा शिल्लक असेल तर चिंच किंवा पितांबरी लावू नका, मऊ कापड पुरे. आणि पेटवून बघायचा मोह टाळा. हवेत अडीच टक्के अ‍ॅसिटिलीन मिसळले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि जुन्या डबीचे रबरी वायसर केव्हाच कडक होऊन तडकलेले असते.