नांदोर हिदेगकुती

नांदोर हिदेगकुती (३ मार्च १९२२ – १४ फेब्रुवारी २००२) : हंगेरीचे विख्यात फुटबॉलपटू व प्रशिक्षक. १९५० च्या दशकातील हंगेरीच्या 'सोनेरी संघा'चे सेंटर फॉरवर्ड म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. राष्ट्रीय संघाकडून त्यांनी ६९ सामन्यांत ३९ गोल केले. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी इटली, हंगेरी आणि इजिप्त या तिन्ही देशांत मोठे चषक जिंकून दिले. या दुसऱ्या कारकिर्दीचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एखाद्या ओळीत आटोपतो. तिची योग्यता त्याहून कितीतरी मोठी आहे.

त्यांचा जन्म बुडापेस्टमध्ये झाला. एलेक्ट्रोमोश आणि हर्मिनामेझो या क्लबांकडून सुरुवातीची वर्षे खेळल्यानंतर ते एम.टी.के. बुडापेस्टमध्ये आले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. साम्यवादी राजवटीत या क्लबचे नाव वारंवार बदलले, खेळाडू मात्र तेच राहिले. १९५१, १९५३ आणि १९५८ असे तीन वेळा हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. सप्टेंबर १९४५ मध्ये रुमानियाविरुद्धच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात हिदेगकुतींनी दोन गोल केले. तरीही राष्ट्रीय संघात पक्की जागा मिळेपर्यंत त्यांनी तिशी गाठली होती.

ही जागा त्यांना ज्या कल्पनेमुळे मिळाली, तिचा उगम एम.टी.के.मध्येच झाला. त्या काळी सेंटर फॉरवर्ड म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळ ठाण मांडणारा धिप्पाड गडी, अशी सर्वमान्य समजूत होती. क्लबचे प्रशिक्षक मार्तोन बुकोवी यांनी या खेळाडूला मागे, मैदानाच्या मध्याकडे खेचले. तेथून त्याने चेंडू घ्यायचा, वाटायचा आणि संधी दिसताच स्वतः पुढे घुसायचे. पेतेर पालोताश आणि हिदेगकुती हे दोघेही या भूमिकेत तयार झाले. राष्ट्रीय संघाचे प्रमुख गुस्ताव शेबेश यांची पहिली पसंती पालोताश यांना होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पालोताश मध्ये आणि हिदेगकुती उजव्या बगलेवर खेळले. हंगेरीने युगोस्लाव्हियाला २–० असे हरवून सुवर्णपदक पटकावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्नला स्वित्झर्लंडविरुद्ध हंगेरी ०–२ अशी पिछाडीवर असताना शेबेश यांनी पालोताश यांच्या जागी हिदेगकुतींना उतरवले. सामना ४–२ असा फिरला आणि तेव्हापासून ही जागा त्यांची झाली.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर या भूमिकेची खरी ताकद दिसली. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाला तोवर इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवता आले नव्हते. इंग्लंडच्या मांडणीत ९ क्रमांकाच्या खेळाडूला रोखण्याचे काम सेंटर हाफकडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे असे, आणि त्या दिवशी ते हॅरी जॉन्स्टन यांच्याकडे होते. हंगेरीचा ९ क्रमांक मात्र गोलजवळ उभाच राहीना. त्याच्यामागे जावे तर पाठीमागे मोकळ्या पडलेल्या जागेत हंगेरीचे आघाडीवीर पुश्काश आणि कोचिश घुसत. जागेवर थांबावे तर हिदेगकुतींना मध्यभागी कोणी अडवणारा उरत नसे. सामना सुरू होऊन मिनिट होते न होते तोच त्यांनी दुरून मारलेला फटका जाळ्यात गेला. पुढे त्यांनी हॅटट्रिक पूर्ण केली आणि हंगेरीने ६–३ असा विजय मिळवला. जॉन्स्टन यांचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. बचावफळीतील आल्फ रॅम्सी हेही त्यानंतर इंग्लंडकडून खेळले नाहीत. प्रशिक्षक म्हणून १९६६ चा विश्वचषक इंग्लंडला जिंकून देणारे ते हेच. पुढील मे महिन्यात बुडापेस्टला झालेल्या परतीच्या सामन्यात इंग्लंडचा ७–१ असा धुव्वा उडाला. या खेळाचा धडा मँचेस्टर सिटीने लगेच गिरवला. डॉन रेव्ही यांना तशाच प्रकारे मागे खेळवून या संघाने १९५६ चा एफ.ए. चषक जिंकला.

१९५४ च्या विश्वचषकात हिदेगकुतींनी चार गोल केले. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध त्यांचा एक फटका खांबावर आदळला. हंगेरी २–३ अशी हरली आणि १९५० पासूनची अपराजित वाटचाल तेथे थांबली. हंगेरीतील १९५६ च्या उठावानंतर पुश्काश, कोचिश आणि चिबोर हे संघसहकारी परदेशातच राहिले. हिदेगकुती मायदेशी राहिले. १९५८ च्या विश्वचषकात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते पुन्हा हंगेरीकडून उतरले आणि त्याच वर्षी खेळाडू म्हणून निवृत्त झाले.

आपल्याच क्लबमध्ये प्रशिक्षणाची सुरुवात करून ते इटलीत फिओरेंतिनाकडे गेले. १९६०–६१ च्या हंगामात युरोपीय चषकविजेत्यांची स्पर्धा प्रथमच भरली. तिच्या अंतिम फेरीत फिओरेंतिनाने स्कॉटलंडच्या रेंजर्सला ग्लासगोत २–० आणि फ्लोरेन्सला २–१ असे नमवले. युरोपीय स्पर्धा जिंकणारा हा पहिला इटालियन क्लब होय. इटालियन चषकही संघाने त्याच हंगामात मिळवला.

इटलीतीलच मांतोव्यात थोडा काळ काढून ते हंगेरीत परतले आणि द्यूर शहरातील संघाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. १९६३ च्या शरद हंगामात या संघाने प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याहून विलक्षण म्हणजे १९६४–६५ च्या युरोपीय चषकात तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. तेथे पोर्तुगालच्या बेनफिका क्लबने, म्हणजे विख्यात खेळाडू युसेबियोंच्या संघाने, त्याला रोखले. हंगेरीच्या फुटबॉलचा सारा व्याप बुडापेस्टभोवती एकवटलेला असताना राजधानीबाहेरच्या संघाने एवढी मजल मारणे, ही हिदेगकुतींच्या प्रशिक्षणाची ठळक साक्ष मानावी लागेल.

त्यानंतर हंगेरीतील निरनिराळ्या संघांत आणि काही काळ पोलंडमध्ये काम करून १९७३ मध्ये ते कैरोच्या अल अहली क्लबमध्ये दाखल झाले. त्यांच्या कारकिर्दीचा हा सर्वांत समृद्ध टप्पा. इस्रायलशी झालेल्या १९६७ च्या युद्धानंतर इजिप्तची लीग अनेक वर्षे बंदच होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये पुन्हा युद्ध पेटले आणि तो हंगामही अर्धवट राहिला. अल अहलीला १९६२ नंतर एकही लीग विजेतेपद मिळालेले नव्हते. अशा स्थितीत त्यांनी तरुण खेळाडूंवर भिस्त ठेवून संघ नव्याने बांधला. महमूद अल खतीब याच संघात घडले. १९८३ मध्ये आफ्रिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्यांची निवड झाली. १९७५ ते १९८० या सहा हंगामांत अल अहलीने पाच वेळा लीग जिंकली. एक वर्ष ती कट्टर प्रतिस्पर्धी झमालेककडे गेली, तेव्हा, १९७८ मध्ये, अल अहलीने झमालेकलाच ४–२ असे हरवून इजिप्तचा चषक घेतला. परकीय प्रशिक्षक एकेका पराभवावरून परत पाठवले जात, त्या काळात हिदेगकुती सलग सात वर्षे एकाच बाकावर बसले. आफ्रिकेतील हा क्लब पुढे ज्या उंचीला पोहोचला, तिचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१९८० च्या दशकात त्यांनी दुबईतही प्रशिक्षण दिले. बुडापेस्टमध्ये त्यांचे निधन झाले. एम.टी.के.च्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले असून २०१६ मध्ये नव्याने बांधलेल्या मैदानासाठीही तेच कायम ठेवले आहे.